हॉलच्या भिंतीवर वारली काढली, माझा अनुभव

आमचा फ्लॅट बोईसरला, आणि सोफ्यामागची भिंत दहा बाय नऊ, म्हणजे ९० स्क्वेअर फूट, कित्येक वर्षं तशीच पिस्ता कलरची होती. तिच्यावर वारली काढायची हे फार आधीपासून मनात होतं. पालघर जिल्ह्यात राहून बाजारातलं वारलीचं स्टिकर चिकटवणं मला पटतच नव्हतं हो, आमच्यापासून डहाणू, जव्हार, विक्रमगड सगळा वारल्यांचाच मुलूख, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे डहाणू तालुक्यातलेच, त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली.

दिवाळीनंतर सुरुवात केली, कारण पावसाळ्यात भिंत नीट सुकत नाही. पहिल्यांदा हौसेने खरा गेरू आणला, डिंकाच्या पाण्यात कालवला आणि कोपऱ्यात एक हातभर पट्टा मारून बघितला, दुसऱ्या दिवशी हात लावला तर तळवा लाल. तांदळाचं पीठ कालवून त्यावर दोन माणसं काढली होती ती पण वाळल्यावर पापुद्रे होऊन पडली. मग कळलं की कुडाच्या, शेणमातीने सारवलेल्या भिंतीत हे रंग मुरतात, आमच्या जुन्या ऑइल पेंटवर त्यांना धरायला काहीच नाही. वाईट वाटलं, पण ॲक्रिलिकच घ्यायचं ठरवलं.

तयारीतच दोन रविवार गेले आणि माझ्या मते खरं काम तेच आहे. खिडकीजवळ पोपडे आले होते ते पत्र्याने खरवडले, पुट्टी भरली, वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिशपेपरने सगळी भिंत घासली, म्हणजे नुसती पुट्टीच नाही, जुना चकचकीत रंग पण घासून मंद करावा लागतो नाहीतर नवा रंग सालासारखा निघतो. ओल्या फडक्याने धूळ पुसून घेतली, मग प्रायमरचा एक हात, एक दिवस गॅप, आणि गेरूच्या शेडच्या इमल्शनचे दोन हात. दोन लिटर आणलं होतं, थोडं उरलं ते डब्यात जपून ठेवलंय, पुढे टचअपला लागतं. पहिला हात डागाळलेला दिसला आणि मी खूप घाबरले होते, दुसऱ्या हातात सारखा झाला.

मग मी पट्टी घेऊन बसले, कागदावर मोजून त्रिकोण काढले आणि खडूने भिंतीवर उतरवायला लागले. दोन दिवसांत वीस-बावीस माणसं झाली, सगळी सारखी आणि सगळी ताठ. आमच्याकडे एक मावशी रानभाजी, शेंगा घेऊन येतात, वारली आहेत, दार उघडंच होतं तर आत बघून म्हणाल्या, "ताई, पट्टीने माणूस काढतात का? ही नाचायची कशी?" मी त्यांना बसवलं, चहा दिला. त्यांनी खडू घेतला, वरचा त्रिकोण जरा पुढे झुकवला, खालचा मागे राहू दिला, कमरेतून वाकलेली बाई तयार! बास, तेवढंच. मी रात्री सगळे खडू पुसून टाकले.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली. मी मधोमध पालघट देवीचा चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, घेणार होते, दिसायला फार सुंदर असतो ना. तर म्हणाल्या चौक लग्नाचा, सवाशिणी लिहितात, (त्या चौक काढला म्हणत नाहीत, लिहिला म्हणतात), धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाणी म्हणते, तेव्हा देवी येते, "तुमच्याकडे लग्न आहे का?" नव्हतं. मग मी चौकाचा विचार सोडला तो सोडलाच. मधे तारप्याचा, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा, नाच घेतला. खिळ्याला सुतळी बांधून खडूने गोल मारला, आत तारपावाला, बाहेर गुंडाळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग, आणि तारप्याकडे कुणाचीच पाठ नाही हे पण मावशींकडूनच कळलं.

पांढरा रंग ताकाएवढा पातळ केला, दाट असला की रेघ अडकते. मोठ्या अंगांना ४ नंबरचा गोल ब्रश, हातापायाला २ नंबरचा, आणि झाडांची पानं मात्र बांबूच्या काडीचं टोक ठेचून त्यानेच काढली, ती रेघ ब्रशने येत नाही. रोज रात्री जेवणं झाल्यावर तास-दीड तास, वरून खाली यायचं म्हणजे हात घासत नाही, असे अठरा दिवस लागले. ताडाची झाडं, भात लावणी, विहीर, कोंबड्या सगळं आलं आणि तरी उजवीकडची दोन-अडीच फूट जागा मी रिकामी गेरूचीच सोडली. मिस्टर म्हणाले इथे पण काहीतरी भर, पण मला ती मोकळी जागा हवी होती, रांगेला पुढे जायला वाट नको का?

मागच्या आठवड्यात मावशी परत आल्या, बराच वेळ उभ्या राहून बघत होत्या. मी ब्रश पुढे केला तर त्यांनी ब्रश नको म्हटलं, काडी मागितली, आणि रांगेच्या शेपटाला एक छोटं पोर काढून दिलं, आईचा हात सोडून मागे वळून बघणारं.