रेवदंड्यातल्या चर्चचे अवशेष: चौथ्या फेरीची नोंद

पावसाळा संपल्या संपल्या रेवदंड्याला जाण्यात अर्थ नाही. गवत कमरेएवढं असतं आणि भिंतीचा पायाच दिसत नाही. म्हणून या वेळी थेट जानेवारीत गेलो. मुक्काम दोन दिवस. सोबत टेप, होकायंत्र, टॉर्च आणि तळहाताएवढा आरसा.

आधीच्या तीन फेऱ्यांच्या नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांच्यासाठी सुरुवातीलाच सांगतो: जुन्या नोंदींत मी दोन दुरुस्त्या केल्या आहेत. एक भिंत मी चुकीची ओळखली होती आणि चर्चना सरसकट एकच काळ दिला होता.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. रेवदंडा म्हणजे खालचं चौल. निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये इथे किल्ल्याचं काम सुरू केलं, ते १५२४ पर्यंत चाललं. पुढे त्याच जागेत शहर वाढलं. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन या चारही ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघांनी इथे चर्च आणि मठ बांधले. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि बरेचसे अवशेष त्या वाड्यांमध्येच उभे आहेत. त्यामुळे पहिलं काम असतं ते घरी जाऊन विचारण्याचं. कुंपण ओलांडून कुणीही आत शिरू नये. एका वाडीतल्या आजींनी मला आधी पाणी दिलं, मग म्हणाल्या, "जा बाळा, पण दगडात हात घालू नकोस, विंचू असतात. आणि पोफळीची रोपं तुडवू नकोस." मी दोन्ही पाळलं. निघताना त्यांना भिंतीचा फोटो दाखवला, तर तो कितीतरी वेळ बघत बसल्या. रोजच्या धुण्याच्या दोरीमागची भिंत चारशे वर्षांपूर्वीची असेल, असं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

आता चुकलेल्या भिंतीबद्दल. मागच्या फेरीत एका उंच भिंतीत मला चौकोनी भोकं दिसली. मी ती तुळयांची धरली. तुळया म्हणजे वरचा मजला, मजला म्हणजे साधूंच्या खोल्या, म्हणून ती भिंत मठाची, असा हिशोब करून मोकळा झालो. या वेळी शिडी मिळाली आणि भोकात आरसा धरून टॉर्च मारला. भोक भिंतीच्या आरपार गेलेलं. तुळईचं भोक सहसा असं नसतं, तुळईचं टोक भिंतीच्या पोटात बसतं. मग सगळी भोकं मोजली. आडव्या ओळीत ती लांब लांब होती, आणि साधारण माणसाच्या छातीएवढी उंची सोडून वर पुन्हा तशीच ओळ, त्याच्या वर आणखी एक. ही परांचीची भोकं! गवंडी जसजसे वर चढले तसतसे त्यांनी वासे भिंतीत खोवले आणि काम झाल्यावर काढून घेतले. भोकांवर गिलावा होता तोवर ती दिसत नसणार, गिलावा पडल्यावर उघडी झाली. तुळयांची भोकं जवळजवळ असतात, एकाच पातळीत असतात आणि समोरच्या भिंतीत त्यांची जोडी सापडते. इथे तसं काहीच नाही. म्हणजे ही भिंत पायापासून माथ्यापर्यंत मजल्याशिवायच चढली आहे. मठाची नाही, चर्चच्याच मुख्य दालनाची. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण आतापर्यंत ज्याला मी अंगण समजत होतो तिथे लोक गुडघे टेकून प्रार्थना करत होते.

दारावरच्या भागाला मात्र हा नियम लावताना सांभाळा. तिथे गायनाचा माळा असे, त्यामुळे चर्चमध्येही तेवढ्या एका जागी तुळयांची ओळ सापडू शकते.

दुसरी दुरुस्ती घरी टेबलावर बसून झाली. माझ्या जुन्या यादीत चारही चर्चसमोर "किल्ल्याबरोबर, १५२४ च्या आसपास" असं सरसकट लिहिलं होतं. पण हे संघ भारतात एकदम आलेच नाहीत. फ्रान्सिस्कन सर्वांत आधीचे. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला उतरला आणि त्याच्याबरोबर जेझुइट आले. डॉमिनिकनांनी १५४८ मध्ये गोव्यात बस्तान बसवलं. ऑगस्टिनियन तर थेट १५७२ मध्ये आले. आता याच्या शेजारी चौलचा वेढा ठेवून बघा. मूर्तझा निजामशहाने १५७० च्या अखेरीस वेढा घातला आणि १५७१ मध्ये तह झाला. या वेढ्यात फ्रान्सिस्कनांच्या मठासाठी जोरदार लढाई झाली. ऑगस्टिनियनांचं चर्च तेव्हा इथे असणंच शक्य नाही. म्हणजे ते वेढ्यातून सावरलेल्या शहराचं चर्च आहे. एवढा साधा हिशोब मी तीन फेऱ्या केला नव्हता. एकेका चर्चची स्वतंत्र तारीख शोधत बसण्यापेक्षा आधी असा क्रम लावून घ्यावा, निम्मा गुंता तिथेच सुटतो.

सातखणी मनोऱ्यावर या वेळी मुद्दाम कमी वेळ दिला. त्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत. तो फ्रान्सिस्कनांच्या सांता बार्बारा चर्चचा, एवढं लक्षात ठेवून त्याच्याकडे बघितलं तरी नजर बदलते. बहुतेक लोक त्याला टेहळणीचा बुरूज समजून पायथ्याच्या तोफांबरोबर फोटो काढतात आणि निघून जातात.

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून साळावमार्गे कोर्लईला गेलो. रेवदंड्यातली चर्च ओस का पडली हे समजायला खाडीच्या पलीकडे जावंच लागतं. वसई १७३९ मध्ये पडली आणि १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, पण सगळी ख्रिस्ती माणसं गेली नाहीत. किल्ल्याच्या पायथ्याशी कोर्लई गावात त्यांची वस्ती टिकली. आजही तिथे माउंट कार्मेलच्या मरियामातेचं चर्च आहे, आणि तिथली माणसं घरात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगतीतून घडली आहे. ते तिला नो लिंग, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. चर्चच्या पायरीवर दोन बायका गप्पा मारत होत्या. मराठीची लय कानाला ओळखीची, शब्द मात्र निसटत होते. वहीतली मापं बाजूला ठेवून मी ते ऐकत राहिलो. खाडीच्या अलीकडे भिंती उरल्या आहेत आणि पलीकडे प्रार्थना. एका बाजूची नोंद दुसरीशिवाय मला आता अर्धवट वाटते.

पुढच्या फेरीची कामं: परांचीच्या ओळींमधली अंतरं चारही ठिकाणी मोजायची. ती सारखी निघाली तर एकाच पद्धतीने काम करणारे गवंडी होते का, याचा विचार करता येईल. चुन्याचे जवळून फोटो घ्यायचे, नुसत्या उन्हात नाही तर टॉर्च तिरका धरून, म्हणजे त्यातले शिंपल्यांचे तुकडे नीट दिसतात. आणि आजींना त्या भिंतीचा मोठा फोटो छापून न्यायचा आहे, तसा शब्द दिला आहे.