डीआरजी कल्चर: टीएनएफ खरंच न्यूरॉनमुळे उतरला का?

मिरचीतलं कॅप्सेसिन न्यूरॉनवरच्या टीआरपीव्ही१ या आयन-वाहिनीवर बसलं की वेदनेच्या न्यूरॉनमधून सीजीआरपी हे पेप्टाइड बाहेर पडतं, आणि त्याने मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींतला टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) उतरतो. एवढंच डिशमध्ये दाखवायचं होतं. न्यूरॉन जगवणं त्या मानाने सोपं; माझा वेळ कंट्रोलनी (तुलनेच्या नमुन्यांनी) खाल्ला.

प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आधी. मग उंदराचा कणा मधोमध उभा कापून मज्जारज्जू उचलला की कडेच्या खाचांत डीआरजीच्या (डॉर्सल रूट गँग्लियन) गाठी दिसतात, वेदनेचे न्यूरॉन यांतच असतात. ३०-४० पुरतात. प्रत्येक गाठीला लोंबणारे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली छाटते. आळस केला तर तंतूंभोवतीच्या श्वान (Schwann) पेशी माजतात. मग कोलॅजिनेज आणि डिस्पेज या ऊती सुट्या करणाऱ्या एन्झाइममध्ये ३७ अंशांवर तासभर. घड्याळापेक्षा गाठीकडे बघा, कडा विस्कटल्या की थांबा. नंतर १८, २१ आणि २६ गेजच्या सुयांतून हळूहळू ओढ-सोड. इथे बुडबुडे आले की पेशी मेल्या समजा. शेवटी १५ टक्के बीएसएच्या (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) थरावरून सेंट्रिफ्यूज: मायलिनचा (तंतूंच्या वेष्टणाचा) कचरा वर अडकतो, न्यूरॉन तळाशी बसतात.

पेशी चिकटाव्यात म्हणून डिशला पॉलिलायसिन आणि लॅमिनिनचा लेप. लॅमिनिन बर्फातच वितळवायचं, नाहीतर गोळा होतो. माध्यम न्यूरोबेसल-ए, त्यात बी-२७ हे पोषक मिश्रण आणि ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एनजीएफ (न्यूरॉनला जगवणारं प्रथिन). एनजीएफ स्वतःच टीआरपीव्ही१ आणि सीजीआरपी वाढवतं, म्हणून मात्रा सगळ्या डिशमध्ये एकच.

दुसऱ्या दिवशी १ मायक्रोमोलर कॅप्सेसिन, ३० मिनिटं, आणि माध्यम लगेच बर्फावर. शेजारच्या वेल्समध्ये नुसता द्रावक आणि ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, जे कुठल्याही जिवंत न्यूरॉनला उद्दीपित करतं. पोटॅशियमने सीजीआरपी सुटलं पण कॅप्सेसिनने नाही, तर आधी स्टॉक (कॅप्सेसिनचं मूळ दाट द्रावण) तपासा: कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, इथेनॉल किंवा डीएमएसओ लागतं. दोन्हींनी काहीच नाही, तर पेशी मेल्यात किंवा सीजीआरपी मोजणारी एलिसा चाचणी बिघडली.

हे माध्यम मॅक्रोफेजवर घालून १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एलपीएस (जीवाणूंच्या आवरणातलं, मॅक्रोफेजला चेतवणारं द्रव्य) दिलं. टीएनएफ उतरला. पण माध्यमात उरलेलं कॅप्सेसिनही मॅक्रोफेजपर्यंत पोचतं, म्हणून न्यूरॉन नसलेल्या डिशमधलं कॅप्सेसिनचं माध्यम तुलनेला हवंच. बीएसएच्या थराने सॅटेलाइट पेशी (न्यूरॉनभोवतीच्या आधार-पेशी) आणि डीआरजीतले मूळचे मॅक्रोफेज पूर्ण निघत नाहीत. त्यांचे स्रावही त्याच माध्यमात असतात. म्हणून मॅक्रोफेजवरचा सीजीआरपीचा रिसेप्टर ओल्सेजेपंट या औषधाने अडवून बघते. टीएनएफ पुन्हा चढला, तरच श्रेय सीजीआरपीला.

सगळ्यात फसवा प्रकार एंडोटॉक्सिनचा, म्हणजे नकळत आलेल्या एलपीएसचा. एन्झाइम किंवा बीएसएतून तो किंचितही आला, तर मॅक्रोफेज आधीच सरावतात आणि नंतरच्या एलपीएसला टीएनएफ कमी देतात. म्हणजे न्यूरॉनने काहीही न करता हवा तोच आलेख! त्यामुळे प्रत्येक नव्या लॉटचा बीएसए आणि एन्झाइम, न्यूरॉनशिवाय, आधी मॅक्रोफेजवर घालून, मग एलपीएस देऊन बघते. त्यात टीएनएफ उतरला, तर तो लॉट या प्रयोगासाठी बाद.