थायरॉइडला न कळणारा फरक

किरणोत्सारी आयोडीन म्हणजे आयोडीनच्या नावाने ओळखला जाणारा कोणता तरी निराळाच पदार्थ, असा समज चांगल्या शिकलेल्या माणसांतही आढळतो. वास्तविक आयोडीन-१३१ हे अस्सल आयोडीनच आहे. अणूच्या केंद्रकात ५३ प्रोटॉन असले की तो अणू आयोडीनचा. सोबतच्या न्यूट्रॉनांच्या संख्येवर त्याचे स्थैर्य ठरते, ओळख नव्हे. रोजच्या मिठातून मिळणाऱ्या आयोडीनच्या अणूत ७४ न्यूट्रॉन असतात आणि या मूलद्रव्याचे स्थिर असे ते एकच समस्थानिक, म्हणजे न्यूट्रॉनांच्या संख्येवरून ठरणारा प्रकार, आहे. आयोडीन-१३१ मध्ये न्यूट्रॉन ७८ असतात, आणि ते केंद्रक टिकत नाही. रासायनिक वर्तन मात्र इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असते आणि दोहोंची इलेक्ट्रॉनरचना एकच असल्यामुळे रक्तातून आयोडीन खेचून घेणाऱ्या थायरॉइड ग्रंथीला हा फरक कळण्याचा मार्गच नसतो.

याच गोष्टीचा उपयोग करून घेता येईल, हे बोस्टनचे डॉक्टर सॉल हर्ट्झ यांना १९३६ मध्ये सुचले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी सशांवर प्रयोग केले. त्यांतले आयोडीन-१२८ अवघ्या २५ मिनिटांत निम्मे होत असे. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत लिव्हिंगूड आणि सीबोर्ग या शास्त्रज्ञांनी आठ दिवसांचे अर्धायुष्य (निम्मे होण्याचा काळ) असलेले आयोडीन-१३१ शोधले. १९४१ मध्ये हर्ट्झ यांनी थायरॉइड अतिक्रियाशील झालेल्या रुग्णांवर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार सुरू केले.

माझ्या मावशीला थायरॉइडच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हेच औषध द्यायचे ठरले, तेव्हा आधी काही दिवस तिचे आयोडीनयुक्त मीठ, दूध, अंडी आणि समुद्रातली मासळी बंद करण्यात आली. जन्म कोकणात गेलेल्या बाईला हे फार जड गेले. "अरे, औषध आयोडीनचंच ना, मग माशांनी काय घोडं मारलंय?" हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर एवढेच, की ग्रंथीच्या उरलेल्या पेशी साध्या आयोडीनने आधीच तृप्त असतील, तर किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. पेशींनी ते एकदा आत घेतले की त्यातून निघणारे बीटा कण, म्हणजे केंद्रकातून सुटणारे वेगवान इलेक्ट्रॉन, फार तर एकदोन मिलिमीटरपर्यंत पोचतात आणि आसपासच्या पेशी नष्ट करतात. गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येतात आणि म्हणून तिला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवले होते.

एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तेव्हा हेच साम्य मुलांच्या जिवावर उठले. आयोडीन-१३१ गवतावर पडले, गाईंच्या दुधात उतरले आणि ते दूध प्यालेल्या मुलांच्या थायरॉइडमध्ये साठले. त्या भागात पुढे मुलांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. शेजारच्या पोलंडने एक कोटीहून अधिक मुलांना साधे, स्थिर आयोडीन तातडीने पाजले. मावशीच्या पथ्याची ही नेमकी उलट बाजू. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, तर पोटॅशियम आयोडाइडच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत ते जवळजवळ १०० मिलिग्रॅम असते, म्हणजे ग्रंथी काठोकाठ भरून जाते. ही गोळी वेळेवर घेतली तरच उपयोगी पडते, आणि तीही फक्त आयोडीनपुरती. सीझियम-१३७ ला शरीर पोटॅशियमसारखे वागवते, स्ट्रॉन्शियम-९० ला कॅल्शियमसारखे हाडांत बसवते. तिथे या गोळीचे काही चालत नाही.

हे सारे आयोडीन आयोडीन असेपर्यंतच. बीटा कण बाहेर पडतो त्या क्षणी केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, ५३ चे ५४ होतात आणि तो अणू झेनॉनचा बनतो. झेनॉन हा निष्क्रिय वायू. थायरॉइडला त्याचा काहीच उपयोग नसल्यामुळे तो रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. दर आठ दिवसांनी उरलेल्यातले निम्मे अणू असे बदलत राहतात, आणि ८० दिवसांनी मूळ साठ्याचा जेमतेम हजारावा भाग शिल्लक असतो.