अ‍ॅल्युमिनियमवर कपाशीचे बोंड

आज सकाळी लोडशेडिंग सुरू होण्याआधी इस्त्री तापवली आणि गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या, पायाने दाबायच्या फझ पेडलसाठी आणलेल्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या डबीवर कपाशीच्या बोंडाचे कागदावर छापलेले चित्र चढवले. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक पूड असल्यामुळे तो उष्णतेने वितळून पॉलिश पेपरने घासलेल्या धातूला चिकटतो आणि तेवढा भाग धातू खाणाऱ्या फेरिक क्लोराईडच्या द्रावणापासून वाचतो, बाकीचा खोदला जातो. अक्षरे असतील तर छपाई उलटी घ्यावी लागते, हे सांगायला नकोच.

सर्किट बोर्डाच्या तांब्यावर फेरिक क्लोराईड सावकाश काम करते. अ‍ॅल्युमिनियमवर मात्र ते अक्षरशः तुटून पडते. द्रावण फसफसते, हायड्रोजन सुटतो, डबी चांगलीच तापते आणि मोकळे झालेले लोखंड काळ्या गाळासारखे रेषांमध्ये साचते. त्या उष्णतेने टोनर निघू नये म्हणून द्रावण पाण्यात पातळ करून, डबी जरा वेळ बुडवून, लगेच धुऊन आणि जुन्या टूथब्रशने गाळ काढून पुन्हा बुडवावी लागते. आपल्याकडच्या उन्हात हे काम दुपारी करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हातमोजे आणि चष्मा घालून मागच्या अंगणात हे चालले असताना आजीची एकच काळजी होती : "कोंबड्या तिकडं येऊन राह्यल्या, ते पानी झाकून ठेव बापू!" तिचे बरोबरच होते, त्यामुळे बादलीवर परात ठेवली.

आता खोदलेल्या रेषांत काळा रंग भरला आहे. तो वाळल्यावर वरचा थर घासून काढायचा. पॉट (फिरवायची कळ), जॅक (वायर खोचायची जागा) आणि फूटस्विचची छिद्रे उद्या वीज असेल तेव्हा.