तुम्ही विचारलंत म्हणून: वही लिहून माणूस सुधारतो का?

"ताई, तुम्ही रोज रात्री वही लिहिता म्हणे. मग काय फरक पडला?" खंडेराव मार्केटात भाजी निवडताना, हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या ओठांवरचं हसूही कळतं: परवाच तर रिक्षावाल्यावर ओरडत होतात! होय, ओरडत होते. रोज आंघोळ करणाऱ्याला कुणी विचारत नाही की एवढा साबण लावता, तर परत मळता कसे. वहीवाल्यांना मात्र विचारतात. तर एकदाच, नीट सांगते.

दिवसभरात कुठे चुकलं ते झोपण्याआधी लिहायचं, एवढीच वही. "आज राग आला" ही नोंद फुकट. "सकाळी ८.४०, नळाला पाणी नव्हतं, प्लंबरला 'अक्कल आहे का' म्हटलं" ही नोंद. विशेषण नको, क्रियापद हवं. तोंडातून निघालेले शब्द जसेच्या तसे हवेत. आणि घड्याळातली वेळ हवीच. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. एकेकाला दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं, आणि वाटेत दारापाशी एक माणूस कण्हत बसवलेला होता. हाताशी वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले. "तुम्हाला उशीर झालाय" असं सांगून पिटाळलेल्यांपैकी १० टक्के. काहींचं भाषण तर वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्याच्या बायबलमधल्या गोष्टीवरच होतं. त्यानं फारसं काही बदललं नाही. म्हणजे आपण ज्याला स्वभाव म्हणतो तो पुष्कळदा पावणेनऊची घाई असते. तीन आठवडे वेळा लिहिल्या की आपलंही दिसतं. मग औषध घड्याळाला द्यायचं: डब्याची कणीक रात्रीच मळून ठेवायची. नोंदीखाली एक ओळ, जर-तरची: "प्लंबर उशिरा आला, तर आधी पाणी विचारीन, मग बोलेन." "शांत राहीन" हा संकल्प टिकत नाही, कारण शांत राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते त्यात नाही.

बिघडतं कुठे तेही सांगते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नोंदी कमी होतात आणि आपण सुधारलो असं वाटतं. सुधारलेलो नसतो, बघायचं थांबलेलो असतो. त्यानंतर नोंदी सुंदर व्हायला लागतात. जे वाक्य लिहून आपल्यालाच छान वाटलं ते खोडावं. सकाळी कुणाला वीस रुपये दिले की दुपारी सुनेला टोचून बोलायची सूट मिळाल्यासारखं होतं, हेही एक. आणि माफी. माफीच्या वाक्यात "पण" आला की माफी बाद. आमच्या बडोद्यात संवत्सरीला, म्हणजे जैनांच्या क्षमा मागण्याच्या दिवशी, "मिच्छामि दुक्कडं" (चुकलं असेल तर माफ करा) फोनाफोनांतून फिरतं. शेजारचे जैन लोक त्या दिवशी प्रतिक्रमणाला, म्हणजे आपल्या चुका आठवून कबूल करायला, बसतात. आपण नुसता मेसेज पुढे ढकलतो, ज्याला दुखावलं तो सोडून बाकी सगळ्यांना.

बेंजामिन फ्रँकलिननं तेरा गुणांचा तक्ता केला होता. आठवड्याला एक गुण, वर्षात चार फेऱ्या. लाल शाईनं सात वारांचे सात रकाने, चुकलं की काळा ठिपका. ठिपके खोडून खोडून कागदाला भोकं पडली, तेव्हा त्यानं ओल्या स्पंजनं पुसता येतील अशी हस्तिदंताची पानं घेतली. मी या तक्त्याची भक्त होते. भेटेल त्याला रकाने आखून देत असे. आता देत नाही, आणि त्याला कारण आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेतली एक संध्याकाळ.

साल १९१७. ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्या बडोद्यात बाबासाहेब आंबेडकर नोकरीला आले. इथे १९०६ पासून प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचं आणि मोफत होतं. शाळेची सक्ती राजाला करता आली, ओसरीची नाही. अस्पृश्य मानल्यामुळे त्यांना उतरायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, वरच्या मजल्यावर, रोजचा दीड रुपया देऊन आणि नोंदवहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना, ग्रंथालयाला परत करायची पुस्तकं गोळा करत असताना, जिन्यावर पावलं वाजली. डझनभर पारशी, प्रत्येकाच्या हातात काठी. संध्याकाळपर्यंत जागा सोडा.

इथवर तुम्हाला ठाऊक आहे, आणि काठीवाल्यांचा राग सगळ्यांनाच येतो. मला पुढच्या काही तासांनी छळलं. बाबासाहेबांनीच ते लिहून ठेवलेत. ते आधी एका हिंदू मित्राकडे गेले. मित्र भला माणूस, ऐकून कळवळला, संतापलाही. मग एवढंच म्हणाला की तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती. तो म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. त्याच्या घरून निघाले तेव्हा चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले तास कमाटीबागेत.

आता त्या दोन मित्रांच्या हाती तो तेरा गुणांचा तक्ता द्या. रात्री दिवा लावून बसलेत. क्रोध? आला, पण अन्यायाचा. असत्य? नोकर बहुधा खरंच गेले असते, बायको खरंच येणार होती. कठोर बोलणं? एक शब्द नाही. पान कोरं. आणि "सत्य" या रकान्यात काळा ठिपका कुणाला पडतो? खोटं नाव लिहून धर्मशाळेत राहिलेल्या माणसाला.

हे मला दिसलं त्या दिवसापासून मी एकच रकाना जास्त आखते: आज कुणाचं नाव पुढे केलं? नोकरांचं, बायकोचं, सासूबाईंचं, सोसायटीचं. करून बघा, पान भरतं. "माझं काही नाही हो, पण सोसायटीवाले ऐकणार नाहीत," असं म्हणायचं; भाडेकरूचं आडनाव ऐकलं की फ्लॅट "आधीच दुसऱ्याला गेलेला" असतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत, घासणीशेजारी, कान तुटलेला एक कप उपडा असतो, कामवालीचा. विचारलं तर "तिलाच तो आवडतो." तिचंच नाव पुढे! ही नोंद करायला फार जड जाते, कारण आपण वाईट वागलो असं कुठे वाटतच नाही. उपायही भाषणाचा नाही. सहा सारखे कप आणायचे आणि तो फेकायचा. पहिले काही दिवस ती नव्या कपाला हात लावत नाही, तेव्हा "बघा, मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य तोंडाशी येतं. तेही वहीत.

तक्त्याच्या दिवसांतली मी यावर भांडायला उठते. म्हणते, मग राग, आळस, खोटं हे सगळं क्षुल्लक का? नाही. प्लंबरला दुखलं ते दुखलंच. आणि ती असंही म्हणते की नवा रकानाही चार महिन्यांत सवयीचा होईल, त्यातही तू सुंदर वाक्यं लिहायला लागशील. यावर माझ्याकडे उत्तर नाही. लागलेच आहे.

शिवाय एक माणूस या रकान्यातही बसत नाही. त्या धर्मशाळेचा रखवालदार. मिळकतीची संधी दिसली म्हणून त्यानं नियम मोडला, आणि भल्या मित्रांकडे जे मिळालं नाही ते छप्पर अकरा दिवस त्यानं दिलं. रात्री आठच्या सुमारास बाबासाहेब बागेतून निघाले, गाडी करून सामान घ्यायला आले. दोघंही काही बोलले नाहीत. बिल दिलं, त्यानं मुकाट्यानं घेतलं. त्यानं कुणाचंच नाव पुढे केलं नव्हतं. त्याच्या वहीत त्या रात्री काय लिहायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.