ज्वारीनं गुडघे बरे झाले का? तुम्ही विचारलंत म्हणून

बचत गटाच्या मिटिंगमध्ये विचारता, चक्कीवर विचारता, परवा तर मयतीला गेले तिथंही एकीनं हळूच विचारलं, "काकू, तुमचे गुडघे ज्वारीनं बरे झाले म्हणते, दिवसाच्या किती भाकरी खाच्या?" म्हणून एकदाच लिहून टाकते, मग मले विचारू नका.

बरे झाले नाहीत. एक्सरे काढला तेव्हा उजव्या गुडघ्यातली गादी जेवढी झिजलेली होती तेवढीच आजही आहे, ती भाकरीनं भरून येत नाही आणि कशानंच येत नाही. पण एसटीची पायरी चढते, रात्री झोप लागते, हेही खरं आहे. आता हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते सांगायला गेलं की तुम्ही मध्येच म्हणता, म्हणजे ज्वारी खायची ना?

तीन वर्षांपूर्वीच्या महालक्ष्म्या. भासऱ्यांच्या घरी. तेव्हा माझं वजन 84 किलो आणि उंची पाच फूट. पंगत बसायच्या आधी मी मागच्या संडासात गेले, तो खाली बसायचा, आणि उठता येईना. नळाला धरलं तर तोटीच हलायला लागली. बादलीवर जोर दिला तर ती सरकली आणि मी भिंतीला टेकून तशीच अर्धी वाकलेली. आवाज द्यावा तर बाहेर अंगणात सगळे माणसं बसलेले, भासरे, व्याही, जावई. काय म्हणून हाक मारायची? पंधरा-वीस मिनिटं तरी झाली असतील. एक पोरगं येऊन दार वाजवून गेलं, "मोठी आई, पंगत थांबली नं!" मी म्हटलं, आलेच. आलेच म्हणत तिथंच रडले. शेवटी नव्या सुनेनं ओळखलं, लग्नाला चार महिने झालेले तिच्या, तिनं पदर खोचला आणि बाहेरून हळूच म्हणाली, कडी काढा मोठी आई, कोणी नाही इथं. कडी तेवढी हाताला आली. काखेत हात घालून उचललं तिनं मले. लुगडं नीट करून दिलं. त्या पोरीशी मी तोवर धड दोन शब्द बोलले नव्हते.

मग पंगतीत सगळे खाली आणि मी खुर्चीवर. मावससासू वाढता वाढता मोठ्यानं म्हणाली, "खुर्चीवाल्या बाईले पुरणपोळी एकच वाढजो, नाहीतर खुर्ची बी मोडन." सगळे हसले. मीही हसले, ते जास्त लागलं. ताटातली आंबील मी तशीच ठेवली, कारण सगळ्यांनी सांगून ठेवलेलं, आंबटानं वात वाढतो. अंबाडीची भाजी, ताक, चिंच, सगळं सोडलं होतं मी दोन वर्षांपासून. गुडघे काही ऐकले नव्हते.

घरी आल्यावर भात बंद, तेल बंद, साखर बंद. अर्धी भाकर, पातळ वरण, कांदा. आमच्या घरी चार माणसांत महिन्याला पाच किलो सोयाबीन तेल लागायचं, म्हणजे माणशी रोजचं 40 ग्रॅम, हे तेव्हा पहिल्यांदा मोजलं. संक्रांतीपर्यंत 11 किलो उतरले. दुखणं खरंच कमी झालं आणि हळदीकुंकवाला मी सगळ्यांसमोर उभी राहून म्हटलं, बायांनो ज्वारी खा, गुडघे बरे होतात. तुम्ही विचारता ते तिथून सुरू झालं, हे मले मान्य आहे. त्या दिवशीची मी खोटं बोलत नव्हते. पण तिला सगळं समजलंही नव्हतं.

कारण शिवरात्रीच्या आसपास ओसरीच्या पायरीवरून मी पडले. हातात फक्त सुपडं होतं. वर्ध्याच्या डॉक्टरबाईंनी मांडी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, चरबीसोबत मांडीचं मासही उपाशी राहून घालवलं तुम्ही, गुडघा सांभाळते ती मांडी. मग अंडी आली, घट्ट वरण आलं, आणि खाटेवर बसून पायाला एक किलो मिठाची पिशवी बांधून पाय वर-खाली, रोज. आता वजन 76 आहे. तीन किलो परत चढलं ते तुम्हाला दिसतं, पायरी चढते ते दिसत नाही.

माझी भाची नर्स आहे, तिनं मले एक एक समजावलं. ज्वारीत 100 ग्रॅमला साधारण 10 ग्रॅम चोथा, म्हणजे फायबर, गव्हाच्या न चाळलेल्या कणकेत 11 च्या आसपास, पॉलिशच्या तांदळात 3 सुद्धा नाही. हैदराबादच्या पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात आहे म्हणे. म्हणजे माझी ज्वारी पोळीपेक्षा काही वरचढ नव्हती, भात कमी झाला तो कामी आला, आणि भाकर दोनच्या वर जात नाही हेही. अमेरिकेत हजारो लोकांना वर्षानुवर्षं पाहिलं तेव्हा जास्त चोथा खाणाऱ्यांत गुडघ्याचा संधिवात कमी दिसला, पण त्यानं तो टळतोच असं काही त्यावरून सिद्ध होत नाही, असं ती बजावून सांगते. वजनाचं मात्र पक्कं आहे. तिकडच्याच फ्रेमिंगहॅम गावाचा 1992 चा अभ्यास आहे, दहा वर्षांत पाचेक किलो उतरलेल्या बायकांत हा आजार होण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. आणि एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो. पण निम्मा धोका हा ज्यांना व्हायचा आहे त्यांचा. मले तर होऊन बसला होता.

आंबट मी परत सुरू केलं. काही झालं नाही. तुरीच्या डाळीनं युरिक ऍसिड वाढून गुडघे दुखतात म्हणता, त्याचं पण तेच, युरिक ऍसिडचा आजार वेगळा, तो बहुतेक पायाच्या अंगठ्यात रात्रीतून लालबुंद उठतो, आणि त्यातही दोष मटण-मासळीचा नि दारूचा जास्त, डाळीचा नाही. तरी तुम्ही येऊन माझ्या वाटीतलं वरण पाहता.

आणि सगळं खाण्यावरच ढकलायचं तर माझी धाकटी जाऊ पाहा. काडी आहे काडी. तिचे गुडघे माझ्यापेक्षा खराब. तीस वर्षं उकिडवं बसून निंदण, विहिरीचे हंडे, तिला कोणी विचारत नाही काय खाल्लं म्हणून, कारण ती बारीक आहे. माझ्याच ताटात सगळ्यांचे डोळे. हे बोलताना मी कधी कधी स्वतःची बाजू घेते, माहीत आहे. 84 किलो निंदणानं नव्हते झाले. दुपारचा चहा-बिस्कीट, उपासाची साबुदाणा उसळ, उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून रात्री दहाला फोडणीचा, ते मीच खाल्लं. पण ते उरायचं काउन नि माझ्याच वाट्याला काउन यायचं, हे पण एकदा विचारा ना.

तरी परवा एक फोन आला तिथं मले चिडता आलं नाही. ती सून. आता दोन वर्षांचं लेकरू आहे तिला. म्हणे, "मोठी आई, माह्या आईचे गुडघे लय दुखून राहिले, ज्वारी सुरू करू का?"

तोंडावर आलंच होतं, कर म्हणून. मग विचारलं, वजन किती आहे आईचं? म्हणे, पंचेचाळीस-शेहेचाळीस असन. कंबर? म्हणे, ती पण आखडली, वाकता येत नाही. तिचं माहेर पांढरकवड्याच्या बाजूचं. दात कसे आहेत म्हटलं. ती जरा थांबली. "पिवळे-भुरे डाग आहेत, गावात बहुत जणांचे आहेत." आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पिऊ नये म्हणतात, लहानपणापासून पोटात गेलं तर दातांवर असे डाग पडतात, आणि वर्षानुवर्षं गेलं तर हाडं, सांधे, कंबर सगळं आखडतं. तिथं भाकर काय करणार?

म्हटलं, ज्वारीचं राहू दे. आईले डॉक्टरकडं ने आणि पहिले बोअरचं पाणी एका बाटलीत भरून तपासाले दे. मग म्हटलं, थांब, आईलेच दे फोन.