सर्कशीच्या काचेमागे स्कूटरचे बल्ब

जालन्याच्या एका बियाणे व्यापाऱ्याच्या मुलाचा फोन आला. "काका, आमच्या खेळाच्या मशीनच्या काचेवरचं चित्र उकलायलंय. पेंटर हात लावायला तयार नाही. तुम्ही बघून जा ना एकदा." मी छत्रपती संभाजीनगरात वॉल्व्हचे, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेले जुने रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतो. उकललेल्या रंगाशी माझा काय संबंध, हे तिथं पोचेपर्यंत कळलं नाही. मशीनचा मागचा दरवाजा उघडल्यावर तोंडावर गरम वाफारा आला, तेव्हा उलगडा झाला: रंग आतल्या उष्णतेनं सुटत होता.

मशीन पिनबॉलचं, शिकागोच्या गॉटलीब कंपनीचं, १९७० च्या दशकातलं. मुंबईच्या चोरबाजारातून आणलेलं. आत चिप नावालाही नाही, सगळा कारभार रिले (विजेनं हलणारे स्विच), कॉइल आणि गुणांच्या फिरत्या चकत्यांचा. स्प्रिंगचा दांडा ओढून पोलादी गोळी वर सोडायची आणि दोन बाजूंच्या बटणांनी फ्लिपर, म्हणजे खालचे छोटे दांडे, मारत ती खाली पडू द्यायची नाही, हा खेळ. घरातल्या आबांना सुरुवातीपासून शंका, की पोरानं जुगाराचं यंत्र आणलंय. न्यूयॉर्कमध्येसुद्धा याच शंकेपायी ही मशीनं १९४२ पासून १९७६ पर्यंत बंद होती, असं मी सांगितलं. "म्हंजी तिकडंबी लोकांला तेच वाटलं की," म्हणत आबा खुर्ची ओढून जवळ बसले आणि काम संपेपर्यंत उठले नाहीत.

खेळणाऱ्याच्या समोर उभी असते ती चित्राची काच. चित्र काचेच्या मागच्या अंगावर छापलेलं असतं, रंगाचे थर एकावर एक, आणि त्यांच्या मागे थोड्याशा अंतरावर बल्बांची लाकडी फळी. या काचेवर सर्कस होती. झुल्यावरच्या बाईच्या लाल झग्यावर मधोमध रंगाचे पोपडे सुटले होते, काही तळाशी पडले होते, काही कडेनं वळून नुसते लटकत होते. बरोब्बर त्या जागेमागचा बल्ब मी फडक्यानं धरून दाबला, फिरवला, काढला. फडक्यातूनही चटका बसला. टोपणावर कोरलेलं होतं: ६ व्होल्ट, ४ वॅट.

हा जुन्या स्कूटरच्या पार्किंग लाइटचा बल्ब. आपल्याकडे १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना, त्यामुळे स्कूटरचे सुटे भाग इथं गल्लोगल्ली मिळत आलेत. याचं टोपण ९ मिलिमीटरचं, दोन पिनांचं, आणि पिनबॉलच्या होल्डरचंही तेच माप. अगदी चपखल बसतो, लख्ख पेटतो. कुणीतरी कधीतरी तो घातला, चालला, म्हणून अजून घातले. रेडिओच्या डायलचे बल्ब आपल्याकडे बहुतेक आट्यांचे असल्यामुळे तिथं ही गल्लत होत नाही. पिनांच्या होल्डरमध्ये मात्र बसला म्हणजे योग्यच, असं माणूस धरून चालतो.

कोपऱ्यातला मूळच्या जातीचा एक बल्ब काढून बघितला. त्यावर आकडा ४४. अमेरिकेत या छोट्या बल्बांना नंबर असतात. ४४ म्हणजे ६.३ व्होल्टवर पाव अँपिअर, साधारण दीड वॅट. ६.३ हा आकडा माझ्या रोजच्या ओळखीचा, बऱ्याच वॉल्व्हचं फिलामेंट यावर तापतं. जुन्या मोटारीच्या बॅटरीत तीन सेल, प्रत्येकी २.१ व्होल्ट, तिथून तो आला. स्कूटरचा बल्ब याच तारांवर ०.६७ अँपिअर ओढतो, म्हणजे अडीचपटीहून जास्त. क्लॅम्प मीटर लावला तर नुसत्या दिव्यांचा प्रवाह १८ अँपिअरच्या वर. चाळीस बल्बांपैकी जवळजवळ निम्मे स्कूटरचे होते. मग फ्यूज का गेला नाही? बघितलं तर फ्यूजवर तांब्याची जाड तार डकवलेली. दिव्यांचा जोड तपकिरी पडून ठिसूळ झाला होता. माझा खरा संताप त्या तारेवर झाला. चुकीचा बल्ब समजू शकतो, कारण योग्य बल्ब जालन्यात कुठं मिळणार? पण फ्यूज मुका करणं म्हणजे लाकडाच्या पेटीत, माणसं झोपतात त्या घरात, आग पोसणं.

नवे बल्ब कुठले, यावर पोराशी बरंच बोलणं झालं. त्याच्या मते ४४ च आणावेत, कंपनीचेच तेवढे बरोबर. मी ४७ वर अडून बसलो. ४७ चाही व्होल्टेज ६.३ आणि आकार, पिना त्याच, प्रवाह मात्र ०.१५ अँपिअर. उजेड थोडा कमी, उष्णता एका वॅटच्या आत. आणि आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे. ही मशीनं अमेरिकेच्या ६० सायकलच्या (सेकंदाला ६० आवर्तनांच्या) विजेवर बेतलेली. आपली वीज ५० सायकलची. स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारी पेटी, लावून ११५ व्होल्ट दिले तरी मशीनमधल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा इथं जास्त तापतो. शिकागोत ४४ चालले म्हणून जालन्याच्या मे महिन्यात चालतील असं नाही. ट्रान्सफॉर्मरवरचा भार जितका उतरेल तितका उतरवावा.

"मग सगळे एलईडीच टाका की," पोरगा म्हणाला. त्यानं मागवलेली स्वस्त एलईडीची पुडी तयारच होती. मी त्यातला एक होल्डरमध्ये घातला, खोलीत अंधार केला आणि त्याला गोळी उडवायला सांगितलं. दिव्यांची वीज इथं एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारी. साधा एलईडी एका दिशेनंच पेटतो, म्हणजे सेकंदाला ५० वेळा विझून लागतो. गोळी धावताना तिची सलग रेघ दिसायच्या ऐवजी तुटक ठिपके दिसले. त्याच्या निळसर पांढऱ्या उजेडात लाल रंगाला फारसं काही मिळत नाही, त्यामुळे झगा विटकरी, मळका दिसायला लागला. पिवळा तंबू फटफटीत. आबा लगेच म्हणाले, "काहून बदलता? आधीचंच बरं व्हतं."

तरी एलईडी अजिबात नको, असं माझं म्हणणं नाही. जिथला रंग सुटलाय तिथं उष्णता जवळपास शून्य हवी. म्हणून झग्यामागच्या आठ जागी आत ब्रिज असलेले, म्हणजे दोन्ही दिशांना पेटणारे, पिवळसर छटेचे एलईडी, आणि बाकी सगळीकडे ४७. लटकणाऱ्या पोपड्यांना मी बोटही लावलं नाही, काच पुसायची नाही हेही बजावून सांगितलं. ते काम काचेवरची चित्रं जपणाऱ्या माणसाचं.

दोन जागा वेगळ्या होत्या, विदूषकाच्या डोळ्यांमागच्या. तिथल्या वायरिंगमध्ये रिले नाही, स्विच नाही, तरी होल्डरशेजारी पेन्सिलीनं ४५५ लिहिलेलं. हा उघडमीट करणारा बल्ब. आत दोन धातूंची पट्टी असते. तापली की वाकते, जोड सुटतो, बल्ब विझतो. निवली की परत टेकते. प्रत्येकाची लय आपापली, त्यामुळे दोन्ही डोळे कधी एकदम मिटतात, कधी वेगवेगळे. तिथंही स्कूटरचेच बल्ब घातलेले असल्यानं विदूषक टक लावून बघत बसला होता. हे दोन मी हट्टानं मागवायला लावले. अर्धा अँपिअर ओढतात, पण तेवढा भार मला मंजूर आहे.

बल्ब परदेशातून येईपर्यंत होल्डर साफ केले. पत्तीवरचा काळा थर पॉलिश पेपरनं घासला, ढिल्या स्प्रिंगा बदलल्या, तपकिरी जोड कापून नवा टाकला, फ्यूज माफक अँपिअरचा बसवला. स्टेप-डाउनच्या आधी स्टॅबिलायझर लावला. रात्री शेतपंप बंद झाले की त्यांच्याकडे व्होल्टेज २५० ला जातं. तेव्हा ६.३ चे ६.८५ होतात आणि फिलामेंटचं आयुष्य साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं.

बल्ब घातल्यावर मीटर साडेपाच अँपिअरच्या आसपास थांबला. दोन तास मशीन चालू ठेवून काचेला हात लावला, कोमट. आबांना विदूषकाची उघडमीट इतकी आवडली, की खेळ बाजूला ठेवून ते तिकडंच बघत राहिले.

परवा पोराचा फोन आला. तंबूच्या टोकाचा बल्ब गेलाय, दुसरा टाकू का? मी म्हणालो, काढू नको, नुसता दाबून थोडा फिरव. "लागला की!" मग होल्डरची पत्ती ढिली आहे, बल्ब शाबूत आहे. पुढच्या आठवड्यात जालन्याला एक रेडिओ पोचवायचा आहे, तेव्हा बघतो.